महामहिमांची ग्रामपंचायत

दादा चहाचा कप टेबलाच्या कडेपासून सात सेंटिमीटर आत ठेवतो. मी पट्टीने मोजलं आहे, तीन वेगवेगळ्या दिवशी. फरक अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त आला नाही. कपाचा कान भिंतीकडे, बशीखाली ओलसर रुमाल, बशी सरकू नये म्हणून. हे टेबल १९८३ साली बाभुळगावच्या सुताराने केलं. तेव्हापासून ते जागचं हललेलं नाही, आणि ते ज्या घरात आहे ते घर कुठल्याही समुद्रापासून किमान पाचशे किलोमीटर लांब, काळ्या मातीत उभं आहे.

दादा म्हणजे निवृत्त व्हाइस ॲडमिरल धर्मपाल मुनेश्वर, माजी राज्यपाल, माझा थोरला भाऊ. गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी तो आठ दिवसांसाठी म्हणून गावी आला, त्याला आता चौदा महिने झाले. येताना त्याच्यासोबत चार लोखंडी पेट्या, एक दुर्बीण, एक पितळी घंटा आणि खेमसिंग होता. खेमसिंग दारव्ह्याकडच्या तांड्यावरचा. नागपूर विमानतळावरून दादाला घेऊन आलेला टॅक्सीवाला. उतरल्यावर दादाने त्याला "थांब" म्हटलं, आणि "जा" म्हणायचं अजून ठरलेलं नाही. खेमसिंग आमच्या ओसरीवर राहतो, गाडी रोज धुतो आणि दर पंधरा दिवसांनी मला विचारतो की त्याची ड्यूटी संपली की नाही, हे साहेबांना कोणी विचारायचं.

दादा नेहमीच असा नव्हता.

वडील बाभुळगावच्या जिनिंगमध्ये सरकी भरायचे. १९५६ साली नागपूरहून दीक्षा घेऊन परतल्यावर त्यांनी घरातल्या सगळ्यांची नावं बदलली. दादा तेव्हा पाच वर्षांचा होता. ती आपली पहिली बदली, असं तो सांगतो. हुकूम तोंडी आला आणि तिकीटखर्च मिळाला नाही. माझा जन्म त्यानंतरचा, त्यामुळे माझं सत्यशीला हे नाव पहिल्यापासून एकच. पुढे यवतमाळच्या शाळेतल्या एका मास्तरांनी त्याच्याकडून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा फॉर्म भरून घेतला. सेना, नौदल, हवाई दल यांपैकी त्याने नौदलावर खूण केली. भिंतीवरच्या चित्रात त्यांचेच कपडे सगळ्यात पांढरे होते, एवढंच त्याचं कारण. पावसाळ्यात आमच्या गावात पांढरं काहीच राहत नाही.

समुद्र त्याने पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, आणि जहाजावर चढल्यावर तो सलग अकरा दिवस ओकत होता. घरी पत्र आलं ते असं: "इथली हवा चांगली आहे. भूक कमी लागते." पण बाराव्या दिवसानंतर त्याने मागे वळून पाहिलं नाही. धुक्यात एकदा समोर अचानक मच्छीमारांचा ट्रॉलर आला, तेव्हा त्याने नऊ सेकंदांत जहाज वळवलं. ही गोष्ट तो सांगत नाही. त्याच्या हाताखालचा एक अधिकारी आमच्याकडे जेवायला आला होता, त्याने सांगितली. छत्तीस वर्षांत त्याने असे किती निर्णय घेतले असतील याचा हिशेब कोणाकडे नाही. ते घेताना विचार करायला वेळ नसायचा आणि त्याला वेळ लागायचाही नाही.

मग त्याला राज्यपाल केलं. डोंगरातलं एक छोटं राज्य, समुद्र नसलेलं. पाच वर्षांत त्याने हजारो कागदांवर सह्या केल्या आणि त्यांतला एकही त्याने लिहिलेला नव्हता. तिथे राज्यपालांना दोनच उत्तरं लागतात, "पाहतो" आणि "विचाराधीन आहे". दादा शिस्तीचा माणूस. दिलेलं काम तो पूर्ण शिकतो. ही दोन उत्तरं तो इतकी पक्की शिकला की घरी येताना सोबत घेऊन आला. आमच्याकडे संध्याकाळी स्वयंपाकाला रुक्माबाई येते. तिने पहिल्याच दिवशी विचारलं की साहेबांना भाकर करू का पोळी. दादा म्हणाला, विचाराधीन आहे. रुक्माबाई अर्धा तास परात पुढे घेऊन बसली आणि शेवटी दोन्ही करून गेली.

रुक्माबाई दुपारी शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते, आणि माझी गोष्ट तिथूनच सुरू होते.

मी यवतमाळच्या कॉलेजात एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा रुक्माबाईने सांगितलं की शाळेच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही. म्हणून मी पाण्याचा नमुना घेतला. डाळीचं कारण साधं निघालं, पाणी जड होतं. पण नमुन्यात लिटरमागे २.९ मिलिग्रॅम फ्लोराइडही निघालं. दीडच्या वर गेलं की ते पाणी पिऊ नये. मी सहा वर्षांत चोवीस नमुने तपासले, २.७ च्या खाली एकही आला नाही. यंदा पाचवीत बत्तीस मुलं आहेत, त्यांतल्या एकोणीस जणांच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत. पोरं चोरून तंबाखूचा खर्रा खातात असं समजून त्यांच्या आया त्यांना मारतात. दातांनंतर हाडांची पाळी येते, ते मी इथे लिहीत नाही.

उपाय अवघड नाही. ती बोअर पिण्यासाठी बंद करायची आणि गावच्या टाकीपासून शाळेपर्यंत तीनशे चाळीस मीटर पाइप टाकायचा. त्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव लागतो. मी सहा वर्षांत अकरा अर्ज दिले. किसनराव सरपंच प्रत्येक वेळी दोन्ही हातांनी अर्ज घेत आणि "विचार करू, मॅडम" म्हणत. किसनराव वाईट माणूस नाही. २०१८ च्या दुष्काळात टँकरमागे बाया धावत होत्या तेव्हा त्यांनीच खटपट करून ती बोअर मारून घेतली होती. मे महिन्यातही ती आटत नाही. तिचं पाणी थंड, नितळ आणि चवीला गोड आहे, आणि ते पाणी वाईट आहे असं म्हणणं म्हणजे किसनराव वाईट आहेत असं म्हणण्यासारखं होतं.

रुक्माबाई मला दोनदा म्हणाली होती की बाई, तुम्हीच का नाही उभ्या राहत. मी मोजत होते, लिहून कळवत होते. त्याच्या पुढचं काम माझं नाही असं मला प्रामाणिकपणे वाटायचं. दोन्ही वेळा मी तिला "पाहू" म्हणाले.

यंदा पंचायतीची मुदत संपली आणि गावाने एकमुखाने ठरवलं की निवडणूक नको, सरपंच अविरोध करायचा, आणि तो दादाच. आजूबाजूच्या गावांना आमदाराचा भाचा मिळणं मुश्किल, आपल्याकडे तर राज्यपाल रिकामा बसला आहे, असं किसनरावांनी सभेत सांगितलं. दुसऱ्या दिवशी यवतमाळहून फ्लेक्स आला. त्यावर सतरा जणांचे फोटो, मधोमध दादा, आणि दादाच्या मागे जहाज. छपाईवाल्याने नौदलाचं जहाज म्हणून सहलीचं जहाज लावलं होतं. वरच्या मजल्यावर पोहण्याचा तलाव आणि रंगीत छत्र्या स्पष्ट दिसत होत्या. खाली लिहिलं होतं: "नियोजित सरपंच महामहिम ॲडमिरलसाहेब यांना गावकऱ्यांच्या वतीने अविरोध शुभेच्छा." दादाने दुर्बिणीतून फ्लेक्स पाहिला आणि एकच हरकत घेतली, की जहाजाचा झेंडा चुकीच्या टोकाला आहे.

त्यानंतर गावात मोठा पेच पडला तो मानाचा. बीडीओ गावात आले तर त्यांनी उभं राहायचं की सरपंचांनी? माजी राज्यपालाला सरपंच म्हणायचं की सरपंचाला महामहिम? किसनरावांनी बाभुळगावात दोन वकिलांना विचारलं. दोघांनी दोन उत्तरं दिली. खेमसिंगचं म्हणणं होतं की गाडीला झेंडी लावली की हा प्रश्नच राहत नाही.

दादा हो म्हणाला का? नाही म्हणाला का? विचाराधीन, म्हणाला. पण मी त्याला चांगली ओळखते. त्या दिवसापासून त्याच्या दाढीची वेळ सातवरून साडेपाचवर आली आणि तिसरी पेटी उघडली.

मला आनंद झाला होता, हे मान्य करते. दादा सरपंच झाला म्हणजे बोअर बंद झालीच, असं मी धरून चालले. चहा देताना मी त्याला सगळे आकडे सांगितले. तो नीट ऐकून म्हणाला, "नोट दे." मी एक पानाची नोट दिली. दोन दिवसांनी ती माझ्या खोलीत परत आली; समासात हिरव्या शाईने लिहिलं होतं, "चर्चा करावी." आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये एक दार आहे आणि ते उघडं असतं.

मग तहसील कार्यालयात आरक्षणाची सोडत निघाली. एका शाळकरी मुलीने चिठ्ठी काढली आणि आमच्या गावचं सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं.

मला वाटलं, संपलं. फ्लेक्स उतरवतील. पण गावाला धक्का वगैरे काही बसला नव्हता. वीस मिनिटांत किसनरावांचा फोन आला, तासाभरात ते स्वतः आले आणि दादासमोर खुर्ची ओढून बसले.

"भाऊ, काई अडचन नाही," ते म्हणाले. "कागदावर बाई, कामावर तुमी. आमच्या घरी पाच वर्ष असंच होतं. काई बिघडलं का गावाचं?"

हे खरं होतं. आमच्या गावात बाईचं आरक्षण आलं की बाईचं नाव लागतं आणि खुर्चीवर नवरा बसतो. २०१५ ते २०२० विमलताई सरपंच होत्या, म्हणजे किसनरावांची बायको; त्यांच्यानंतर किसनराव स्वतः. त्या पाच वर्षांत त्यांनी पंचायतीची पायरी दोनदा चढली, दोन्ही वेळा झेंडावंदनाला. शिपाई ठरावाचं रजिस्टर घेऊन सायकलवर त्यांच्या घरी जायचा. त्या वर्षांतल्या बऱ्याच ठरावांवर सहीच्या शेजारी हळदीची बोटं आहेत. माहितीच्या अधिकारात मी एकदा ते रजिस्टर पाहिलं, तेव्हा मोजली होती.

आता दादाला बायको नाही, वहिनी जाऊन नऊ वर्षं झाली. पण बहीण होती. चहाचा ट्रे घेऊन ती त्या वेळी तिथेच उभी होती. किसनरावांनी तिच्या हातून कप घेतला, चहाची तारीफ केली आणि दादाला विचारलं की मॅडमच्या नावाला तुमची परवानगी आहे ना.

दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. "विचार करून सांगतो," म्हणाला.

मी ट्रे घेऊन आत गेले. मला राग आला होता का, याचा मी नंतर बराच विचार केला. राग होता, पण त्याखाली एक सोयही होती. मला विचारलंच नाही, म्हणजे मला उत्तर द्यायचं नव्हतं. आणि दादाच्या हातात कारभार आला तरी बोअर बंद होणारच होती. खुर्चीवर कोण बसलं याने फ्लोराइडला फरक पडत नाही. असं मी स्वतःला तीन आठवडे सांगितलं.

या तीन आठवड्यांत दादाचा निर्णय विचाराधीन राहिला आणि तयारी जोरात चालली. पुढच्या खोलीतून धान्याची कोठी हलली. चौथी पेटी उघडली. तिच्यातून नकाशे ठेवायचे लांब पुठ्ठे निघाले, आणि गावाचा नकाशा भिंतीवर लागला. शेवटी बावीस कलमांचा कार्यक्रम टाइप होऊन आला. त्याची एक प्रत मला मिळाली, माझ्या नावाने, लिफाफ्यातून, खेमसिंगच्या हस्ते.

पहिलं कलम ध्वजस्तंभाचं होतं, उंची बेचाळीस फूट. दुसरं, पंचायतीचं घड्याळ बरोबर चालणं. तिसरं, मोकाट कुत्री. नवव्या कलमात मी होते: "सरपंच दर मंगळवारी व शुक्रवारी सकाळी १० ते १०.३० या वेळेत सह्या करतील. शाई निळी." शाळेची बोअर चौदाव्या कलमात होती: "तज्ज्ञ समिती नेमून अहवाल मागवणे."

मी प्रत घेऊन दादाकडे गेले आणि विचारलं की या गावात फ्लोराइडचा तज्ज्ञ कोण आहे. तो म्हणाला, तूच. मग समितीत कोण? तूच. अहवाल कोणाला द्यायचा? सरपंचाला. म्हणजे मी मलाच अहवाल द्यायचा, निळ्या शाईने सही करायची आणि मग तो तुझ्या टेबलावर हिरव्या शाईची वाट पाहणार. दादाने चष्मा काढला, पुसला आणि म्हणाला की प्रक्रिया थोडी सोपी करता येईल, पाहतो.

त्याच आठवड्यात विमलताई आमच्याकडे आल्या. कापूस वेचणीचे दिवस होते. त्या शेतातून थेट आल्या होत्या, ओच्याला कापसाचे धागे चिकटलेले. पुढच्या दाराने न येता मागच्या दाराने आल्या आणि रुक्माबाईच्या शेजारी पाटावर बसल्या. पिशवीतून त्यांनी साडीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले तीन कागद काढले. माझे पहिले तीन अर्ज, त्यांच्या सरपंचपदाच्या काळातले. घडीच्या रेघांवर पिवळे डाग होते.

"त्या बोअरच्या ठरावावर सही माहीच हाये, बाई," त्या म्हणाल्या. "कुकर लावला होता. यायनं म्हटलं, इथं कर. म्या केली. कायची होती थे नंतर कळलं."

मी म्हणाले की त्यात त्यांची काही चूक नाही. त्यांनी ते ऐकून घेतलं, पण पटलेलं दिसलं नाही.

"तुमचे कागद म्या तवाच वाचले. तिन्हीबी. समजले मले." त्या उठल्या, ओचा झटकला. "पन मले वाचाले कोनी सांगितलंच नव्हतं ना. सही करा म्हनत, वाचा नाही म्हनत."

त्या गेल्यावर रुक्माबाई कणीक तिंबता तिंबता म्हणाली, "आता तुमचा कुकर लागनार."

अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस शुक्रवार, वेळ दुपारी तीनपर्यंत. माझे सगळे कागद तयार होते. शौचालय वापराचा दाखलासुद्धा होता. ग्रामसेवकाने तो देताना स्वतः येऊन पाहणी करण्याचा आग्रह धरला होता, कारण माजी राज्यपालांचं शौचालय पाहायची संधी पुन्हा मिळणार नव्हती. फक्त अर्ज दाखल व्हायचा होता, आणि दादाचा निर्णय. दोन्ही एकाच दिवसावर आले होते. आम्ही दीड वाजता निघालो. खेमसिंग गाडी चालवत होता, पुढे दादा पांढऱ्याशुभ्र सफारीत, मागे मी आणि किसनराव. किसनराव सूचक म्हणून येत होते. त्यांच्या पिशवीत त्यांच्या सुनेचाही भरलेला अर्ज होता, सही केलेला. मॅडमचं काही कमीजास्त झालं तर गाव उघडं पडायला नको, असं त्यांनी मला अगदी सरळ मनाने सांगितलं. सून घरीच होती.

बाभुळगावच्या तहसील कार्यालयात गर्दी होती. महिला राखीव गावांच्या उमेदवार एका भिंतीला ओळीने बसल्या होत्या आणि त्यांचे नवरे, दीर, सासरे हातात प्लास्टिकच्या फायली घेऊन खिडकीशी उभे होते. कारकून प्रश्न विचारत होता, उत्तरं खिडकीशी मिळत होती. "जन्मतारीख?" एका नवऱ्याला बायकोची जन्मतारीख येईना. त्याने मान वळवून तिला विचारलं, तिने सांगितली, त्याने ती पुन्हा कारकुनाला सांगितली. तिचा आवाज कारकुनाला व्यवस्थित ऐकू आला होता. पण त्याने नवऱ्याने सांगेपर्यंत लिहिलं नाही.

आमचा नंबर लागला तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. निवडणूक अधिकारी तिशीतली मुलगी होती. तिने "उमेदवार कोण?" असं विचारलं आणि समोरच्या खुर्चीकडे हात केला. खुर्ची एकच होती. दादा तिच्यावर बसला.

त्याने ते मुद्दाम केलं नाही. चाळीस वर्षं कुठल्याही खोलीत एकच खुर्ची असली तर ती त्याची असायची. पण तेवढ्यात मागच्या कारकुनाने त्याला ओळखलं आणि तो उभा राहिला. मग सगळे उभे राहिले. अधिकारी मुलगीही उभी राहिली, मग दादाही उभा राहिला, मग सगळ्यांनी त्याला बसायला सांगितलं. दहा मिनिटं फोटो काढण्यात गेली. एका तलाठ्याने आपल्या मुलाला नौदलात घालावं का असं विचारलं. दादा म्हणाला, पाहतो.

दोन पस्तीसला मुलीने माझा अर्ज पुढे ओढला. आता तिने मान वाकडी करून दादाच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, अर्ज दाखल करायचा ना?"

"विचाराधीन आहे," दादा म्हणाला.

तोंडातून गेलं. त्याला स्वतःलाही ते ऐकू आलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले. मुलीने घड्याळाकडे पाहिलं. किसनरावांनी हळूच पिशवीची चेन उघडली.

मी तिला पाच मिनिटं मागितली आणि दादाला व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेले, जिथे मोटारसायकली लावतात. तिथे ऊन होतं. मी त्याला एवढंच विचारलं की पाच वर्षं नुसत्या सह्या करून त्याला कसं वाटलं.

"जेवन चांगलं होतं," तो म्हणाला. माझ्याशी तो अजूनही आमच्या लहानपणचीच भाषा बोलतो.

तो मोटारसायकलींच्या नंबरप्लेटा वाचत राहिला.

"राजभवनात तेवीस घड्याळं होती, सत्या. सगळ्यायले चावी मीच देत होतो, सकाळी. दुसरं कोनी करत नव्हतं असं नाही. पन तेवढ्या एका कामाची फाईल नव्हती." मग त्याने एका पुलाची गोष्ट सांगितली. डोंगरातल्या एका नाल्यावरच्या पुलाचा कागद सहीला आला होता. पूल चुकीच्या जागी आहे असं त्याला नकाशावरून वाटलं. त्याने समासात प्रश्न लिहिला. तीन पानी उत्तर आलं, त्यात त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. "मी सही केली. तो पूल झाला का नाही, कुठं झाला, मले आजपर्यंत मालूम नाही."

"मग थेच काम मले काहून देऊन राह्यला?" मी विचारलं.

आतून किसनराव दारापर्यंत येऊन बघून गेले.

"मले परत एक जहाज पाह्यजे होतं," दादा म्हणाला. "लहानसं चाललं असतं."

मला हसू आलं, आणि त्यालाही आलं. तसं आम्ही दोघं कधी हसलो होतो ते मला आठवत नाही. खूप वर्षांपूर्वी असेल, तो सुट्टीवर आला असताना. हसताना मला जाणवलं की बोअर बंद करण्यासाठी मी सहा वर्षं कोणा ना कोणाच्या सहीची वाट पाहत होते, आधी किसनरावांच्या, मग दादाच्या. आणि वाट पाहण्यात मी तितकीच निष्णात झाले होते, जितका तो "विचाराधीन" म्हणण्यात. माझी कागदपत्रं फक्त जास्त नीटनेटकी होती.

आम्ही आत आलो तेव्हा दोन वाजून एकोणपन्नास मिनिटं झाली होती. किसनराव टेबलाशी उभे होते. सुनेचा अर्ज पिशवीतून अर्धा बाहेर आला होता. खुर्ची रिकामी होती. दादा खुर्चीपर्यंत गेला, तिची पाठ धरली आणि ती माझ्या दिशेने फिरवली. मग मागे सरून तो भिंतीशी उभा राहिला, जिथे इतर बायका बसल्या होत्या. एका म्हातारीने सरकून त्याला बसायला जागा केली आणि तो खरंच खाली, फरशीवर, तिच्या शेजारी बसला. सफारी मळेल याचा विचार त्याने केला असेल तर तो दिसला नाही.

मी बसले. किसनराव माझ्या कानाशी वाकून म्हणाले की भाऊनं काय ठरवलं ते सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी त्यांना म्हणाले की भाऊला विचारायचं नाही, आणि त्यांनी पिशवीची चेन लावून टाकावी. माझा आवाज मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा निघाला असावा, कारण खिडकीशी उभ्या असलेल्या नवऱ्यांपैकी दोघांनी वळून पाहिलं, आणि भिंतीशी बसलेल्या बायकांनी सगळ्यांनीच.

अधिकारी मुलीने पेनचं टोपण काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. अर्ज दाखल करायचा ना?

"हो," मी म्हणाले. "मी उभी राहतेय. निवडून आले तर खुर्चीवर मीच बसेन आणि प्रत्येक कागद वाचून सही करेन. दादाला बोलावलं तरच तो पंचायतीत येईल, किसनरावांनाही तेच. आणि पहिल्या सभेत पहिला ठराव शाळेची बोअर बंद करण्याचा असेल."